चंपाषष्ठीची पाटी

‘‘काय पडलं?’’ हिंदुराव फोनवर विचारत होते. ‘‘आवं, ओकला ते कळलं. काय पडलं ते सांगा. रोडगा? अख्खा का चावलेला?... बरं. पाणी पाजलं? टिकलं का पोटात?... आणि शेपटी? हलवतोय ना? मग निवांत ऱ्हावा. आज त्याला खायाला काय देऊ नका. तोंडाकडं बघून रडला तरी न्हाय. उद्या सकाळी ताकभात, वाटीभर.’’

फोन ठेवून त्यांनी खडू उचलला. भिंतीवर, फोनच्या बरोबर वर, शाळकरी पोरांची असते तसली काळी पाटी टांगलेली होती, फक्त आकारानं चौपट. तिच्यावर त्यांनी लिहिलं : ‘६. सावंत, खालची आळी. रोडगा पडला. पाणी टिकतं. उद्या.’

‘‘सकाळपासून सहावा,’’ मी पाटीवरचा आकडा बघून म्हटलं.

‘‘दुपार व्हायचीय अजून, मॅडम. आज चंपाषष्ठी.’’

आंबेखिंडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रुजू होऊन मला दीड महिना झाला होता. पहिलीच नेमणूक. माझं माहेर नाशिकचं, आमच्या घरी खंडोबा नाही, त्यामुळे चंपाषष्ठी म्हणजे कॅलेंडरावरचा एक चौकोन, एवढंच मला ठाऊक. माणदेशात तो दिवस म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. चातुर्मासात बंद झालेलं वांगं, कांदा, लसूण त्या दिवशी घरात परत येतं. घरोघरी भरीत, बाजरीचा जाड रोडगा आणि ज्वारी शिजवून केलेला ठोंबरा. कुत्रा हा देवाचा सोबती, म्हणून नैवेद्यातला पहिला घास त्याचा. घर एक असेल तर ठीक. पण वाडीत पंधरा घरं आणि कुत्री चार. प्रत्येक घरची माउली हात जोडून पान पुढं ठेवणार, आणि देवाचं आहे म्हटल्यावर कुत्रंही नाही म्हणत नाही. दहा वाजेपर्यंत ती चारही कुत्री फुगून आडवी पडतात आणि अकरा वाजता आमचा फोन वाजायला लागतो.

हिंदुराव खरात दवाखान्याचे ड्रेसर, मलमपट्टी करणारे. सातवी शिकलेले, एकतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. उंच, वाळकुडे, कानात नेहमी कापसाचा बोळा. अत्तराचा नव्हे, थंडीचा. माझ्याआधी नऊ डॉक्टर त्यांनी आले-गेलेले पाहिले होते. दहाव्याबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल, त्यांनी काय मत केलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

पाटीवर शेवटच्या जागी ते तीनपैकी एक शब्द लिहायचे. ‘उद्या’, ‘संध्याकाळी’, नाहीतर ‘आत्ता’. तेवढ्यावर दिवसाचं माझं फिरणं ठरायचं. पहिल्या आठवड्यात मला त्याचा राग आला होता. डॉक्टर मी, आणि घाई कशाची ते हे ठरवणार? पुढं राग गेला असं नाही, पण त्यांचं ‘उद्या’ एकदाही चुकलं नव्हतं, त्यामुळे तो बोलून दाखवायला जागा राहिली नव्हती.

त्या दिवशी माझी स्वतःचीच तब्येत धड नव्हती. आठ दिवस रोज सकाळी दवाखान्यामागच्या नळावर जाऊन मी सगळा चहा ओकून येत होते. का, ते मला चार दिवसांपूर्वी कळलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा पुण्यात, रविवारी येणार होता, त्याला समोरासमोर सांगायचं होतं. आणि इथं? दीड महिन्यापूर्वी आलेली बाई, तीही अशी, म्हणजे ‘आता ही कसली डोंगरात फिरती’ असं एकजात सगळे म्हणणार. म्हणून मी नळ मोठा सोडून ओकायचे आणि तोंड धुऊन, कुंकू नीट करून, जोरात बोलत आत यायचे.

‘‘खणात फुटाणे ठेवल्यात,’’ हिंदुराव पाटीकडं बघतच म्हणाले. ‘‘थंडीत उपाशीपोटी चहा बरा न्हवं. चघळत बसा.’’

खण उघडला तर खरंच पुडी होती. मला वाटलं, स्वतःसाठी आणलेली असेल.

सातवा फोन झाला, आठवा झाला. आठव्या घरच्या आजी रडतच होत्या. ‘‘पिवळं पिवळं वकतंय वो, कावीळ झाली काय त्याला?’’ हिंदुरावांनी विचारलं, ‘‘भंडारा उधळला का अंगणात?’’ ‘‘उधळणार न्हाय तर काय, देवाचा दिस!’’ ‘‘मग त्यो चाटलाय त्यानं. हळद हाय, आजी. कावीळ न्हवं.’’ पलीकडून एकदम हसू फुटलं आणि फोन बंद झाला.

साडेबाराच्या सुमाराला दारात जीप थांबली. नाथाजीराव पाटील उतरले. पंचायत समितीचे माजी सभापती. पद गेलं होतं, आवाज राहिला होता. त्यांच्यामागे, सीटवर पसरलेला, पिवळ्या तोंडाचा लॅब्राडोर.

‘‘डॉक्टरीणबाई, सगळं सोडा आणि बाहेर या. आमचा रॉकी चालला!’’

‘‘कुठं?’’ हिंदुरावांनी विचारलं.

‘‘वर! चेष्टा करता व्हय? सकाळपासून पाचदा ओकलाय. सगळं अंगण पिवळं केलंय. घरात बायको जेवलेली नाही. साताऱ्याला न्यायचा म्हणून निघालोय. तुम्ही गाडीत बसा, वाटेत काय लागलं तर असावा डॉक्टर सोबत.’’

रॉकीनं आमच्याकडं पाहून शेपटीनं सीट बडवली.

मी त्याला तपासायला उठले तेवढ्यात फोन वाजला. हिंदुराव दारातून रॉकीच्या मिशा निरखत होते, म्हणून मी उचलला. वारा भणाणत होता. पलीकडची बाई कुठल्यातरी टेकाडावर चढून बोलत असावी.

‘‘दवाखाना हाय का? मी बायडाबाई. धुळदऱ्याची, कोकऱ्याच्या घरची. तरास देती बगा.’’

‘‘बोला.’’

‘‘तुमच्याकडं वकायचं औशीद हाय का?’’

‘‘उलटी थांबवायचं ना? कुत्र्याला?’’

‘‘न्हाय वो, थांबवायचं न्हवं. व्हायचं. आमचा हरण्या वकायचं म्हनतोय, पर पडत न्हाय. नुसताच उमाळं काढतोय. वकला म्हंजी मोकळा हुईल बिचारा.’’

मला हसू आलं, हे आज लिहायला जड जातं. सकाळपासून ओकणाऱ्या कुत्र्यांनी डोकं उठवलं होतं, माझ्या घशाशी आंबट आलं होतं, नाथाजीराव कानाशी ‘चला, चला’ करत होते, आणि इथं एकीच्या कुत्र्याला उलटी होत नव्हती. मला वाटलं, चला, एक तरी बरं आहे.

‘‘उलटी नाही ना? मग चांगलंच आहे की, बाई. खाल्लेलं जिरेल हळूहळू.’’

‘‘मिठाचं पानी पाजू का? सासूबाई म्हनत्यात पाज.’’

‘‘पाजून बघा थोडं...’’

फोन माझ्या हातातून गेला. हिंदुरावांनी तो ओढून घेतला असं मला म्हणवत नाही. त्यांचा हात आला आणि फोन त्यांच्याकडं होता.

‘‘मॅडम, जरा द्या. बायडाबाई, मी हिंदुराव. पाणी पाजलं का? न्हाय? शाब्बास. काय पाजू नका. थेंबभर पण न्हाय. आता मी इचारतो त्येवढं सांगा. उमाळा काढतो तवा काय पडतं?... नुसता फेस. बरं. कवापासनं?... जेवून हुंदडला का?... मेंढरांमागं. पोट बगा. डावीकडं. टिचकी मारा. आवाज कसा येतो?’’

पलीकडं थोडा वेळ फक्त वारा होता. हिंदुरावांनी डोळे मिटले होते. मग बाईचा आवाज आला, मलाही ऐकू गेला.

‘‘हलगीवानी वाजतंय, दादा.’’

हिंदुरावांनी डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. ते फक्त वाट पाहत होते.

आणि मला पुस्तकातलं पान आठवलं. शेवटच्या वर्षाचं, डावीकडचं, चौकटीतलं. खोल छातीची कुत्री. भरपेट खाऊन धावणं. ओकायला जातं पण काही पडत नाही. पोट नगाऱ्यासारखं. जठर फुगतं, कधी पीळही बसतो. तास दोन तासांचा खेळ असतो. परीक्षेत यावर मी दहापैकी नऊ गुण घेतले होते. आणि आत्ता, याच तोंडानं, मिठाचं पाणी पाजायला सांगत होते.

‘‘कारवानी आहे का? शिकारी जातीचा?’’ मी विचारलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

‘‘कारवानी,’’ हिंदुराव म्हणाले.

‘‘तिला सांगा, त्याला चालवू नका. उचलून रस्त्याकडं आणा. खांद्यावर टाकून नको, पोट दाबलं जाईल. घोंगडीची झोळी करा, दोघींनी धरा. आम्ही निघालो.’’

त्यांनी शब्दाला शब्द तसं सांगितलं. ‘‘खाली तिकटीवर या, लिंबाखाली. डॉक्टरीणबाई येत्यात.’’ मग खडू घेऊन पाटीवर एकच शब्द लिहिला, नाव-गाव काही न लिहिता. आत्ता.

मी जाड सुया, सलाईन, चिकटपट्टी पिशवीत भरल्या. करडांना दूध पाजायची लांब रबरी नळी हिंदुरावांनी खुंटीवरून काढून गळ्यात टाकली. मी त्यांच्या मोटारसायकलीकडं धावले.

‘‘त्याच्यावर नको,’’ ते म्हणाले.

‘‘का? मी बसते मागं.’’

‘‘रस्ता दगडाचा हाय.’’

‘‘मग? मला काय लोण्याची समजता?’’

‘‘लोण्याची न्हाय वो. पण त्याच्यावर नको.’’ आणि ते सरळ जीपकडं वळले. ‘‘नाथाजीराव, गाडी धुळदऱ्याच्या तिकटीवर घ्या.’’

‘‘का म्हणून? मी साताऱ्याला चाललोय! एका धनगराच्या कुत्र्यापायी माझा रॉकी...’’

‘‘तुमचा रॉकी ओकतोय, सायेब.’’

‘‘तेच तर सांगतोय मघापासून!’’

‘‘म्हणूनच म्हणतो. ज्याचं बाहेर पडतंय त्याला टाइम हाय. त्याचं पडत न्हाय.’’

नाथाजीरावांनी माझ्याकडं पाहिलं. ‘‘बाई, डॉक्टर तुम्ही का हे? तुम्ही सांगा. कुणाला आधी बघणार? आणि सांगताना एवढं लक्षात ठेवा, की तुमची ऑर्डर कुठनं निघाली आणि कुठं परत जाऊ शकती, ते आम्हाला ठाऊक आहे.’’

मी रॉकीच्या तोंडावरचं पिवळं बोटानं पुसलं, हुंगलं. हळद. ओठ उचलून हिरडी दाबली, रंग झटक्यात परत आला. पोटावरून हात फिरवला. मऊ. रॉकीनं माझं मनगट चाटलं.

‘‘धुळदऱ्याला आधी,’’ मी म्हटलं. ‘‘हा संध्याकाळपर्यंत ठणठणीत असेल. तो तासाभरात नसेल. तुम्ही गाडी दिली नाहीत तर मी मोटारसायकलवर जाईन, आणि मग रॉकीबरोबर डॉक्टर कुणीच नसेल.’’

नाथाजीरावांनी जीपचं मागचं दार उघडलं. मग म्हणाले, ‘‘बसा. रॉकी, सरक रे जरा.’’

जीपमध्ये रॉकी माझ्या आणि हिंदुरावांच्या मध्ये. वाटेत त्यानं आणखी एकदा नाथाजीरावांच्या घडीच्या शालीवर ठोंबरा काढला. ‘‘बघा, बघा!’’ ते ओरडले. हिंदुराव शालीकडं पाहून समाधानानं म्हणाले, ‘‘मोकळा झाला.’’

थोड्या वेळानं ते बाहेर बघत बोलले, कुणाला उद्देशून असं नाही. ‘‘बायडाबाईचा मालक निम्मी मेंढरं घेऊन कोकणात उतरलाय. गाभणी तेवढ्या हिच्याकडं. परवा लांडगा कोकरू घेऊन गेला. हरण्या नसता तर त्यानं धरलं असतं दुसरं. त्यो एकटाच हाय मेंढरांच्या वाड्याला.’’

‘‘तुम्हाला कसं कळलं, हिंदुराव? फोनवर, एवढ्यात?’’

‘‘माझा एक गेला असाच. लई वर्सं झाली. सगळ्या वाडीची कुत्री ओकत होती आणि माझं ओकत न्हवतं. मी बायकोला म्हणलं, आपलं बघ कसं शहाणं.’’ त्यांनी कानातला बोळा सारखा केला. ‘‘तवापासनं आधी इचारतो, काय पडलं.’’

तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवरच्या लिंबाखाली दोन बायका नुकत्याच पोचत होत्या. पुढं बायडाबाई, मागं तिची जाऊ, मध्ये काळ्या घोंगडीची झोळी. दोघींची पावलं बरोबर एका लयीत पडत होती, झोळीला हिसका बसू नये म्हणून. दोन किलोमीटर माळ तुडवून आल्या होत्या. बायडाबाईनं झोळी खाली ठेवली ती गुडघ्यांवर बसून, आधी एक टोक, मग दुसरं.

हरण्या रंगानं तांबूस, लांब तोंडाचा, हाडापेरानं बारीक. पोट तेवढं त्याचं नव्हतं. कुणीतरी दुसऱ्याचं चिकटवल्यासारखं गोल, ताणलेलं. मान लांब करून त्यानं एक उमाळा काढला. तारेसारखी लाळ लोंबली. पडलं काहीच नाही. हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या.

मी हे कधी केलं नव्हतं. कॉलेजात एकदा पाहिलं होतं, सहाव्या रांगेतून.

‘‘जाड सुई,’’ मी म्हटलं. हिंदुरावांनी कातरीनं बरगडीमागचे केस काढले, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि तिथं टिचकी मारली. मग बोटभर वर. मग मागं. मी ऐकत होते. एका जागी आवाज सगळ्यांत पोकळ आला. ते तिथंच बोट ठेवून थांबले. बोट उचललं आणि त्या जागी मी सुई घातली.

फुस्स झालं. आंबलेल्या बाजरीचा आणि लसणाचा वास लिंबाखाली पसरला. मी दात आवळले. वारा निघत होता, निघत होता, आणि हरण्याचा श्वास हळूहळू खाली बसत होता.

‘‘आता नळी. तेवढं आत राहिलं तर पुन्हा फुगेल.’’

चिकटपट्टीचं अख्खं रीळ त्याच्या दातांत आडवं धरून वरून तोंड बांधलं, म्हणजे रिळाच्या भोकातून नळी जाईल आणि चावता येणार नाही. नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी मोजून खूण केली. तेल लावलं, आत सरकवली. खुणेच्या वीतभर आधी ती अडली. जोर लावायचा नसतो, हे ठाऊक होतं. पुन्हा बाहेर काढली, पुन्हा घातली. पुन्हा अडली. पीळ बसला असेल तर इथं, या लिंबाखाली, काही होण्यासारखं नव्हतं.

बायडाबाई कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ‘‘माजं बाळ त्ये,’’ ती कुणालाच न सांगता म्हणाली. ‘‘माजं शानं बाळ.’’

‘‘मॅडम,’’ हिंदुराव हलकेच म्हणाले, ‘‘म्हशीच्या पोटफुगीत आपण पुढचं पाय उंचावर घेतो का न्हाय?’’

घेतो. दीड महिन्यात दोनदा घेतले होते, त्यांच्याच सांगण्यावरून.

त्यांनी हरण्याला काखेत धरून पुढून उचललं आणि त्याचे पुढचे पाय जीपच्या पायरीवर ठेवले. नाथाजीराव न सांगता गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं धरायला आले. मी नळी पुन्हा घातली. घासत गेली, थबकली. मी ती दोन बोटांत किंचित फिरवली आणि ती एकदम, वाट सापडल्यासारखी, खुणेपर्यंत आत गेली. टोकाला कान लावला. आतून गुडगुडलं. मी टोक खाली धरलं.

काय पडलं, ते सांगते. रोडग्याचे तुकडे, न चावलेले. ठोंबरा. भरीत. वांग्याचं एक देठ, अख्खं. जीपमधल्या कॅनमधलं, उन्हानं कोमट झालेलं पाणी आत सोडलं, परत काढलं, पुन्हा सोडलं. सहाव्यांदा पाणी नितळ आलं. हरण्याच्या पोटाची खोबण पुन्हा दिसू लागली. तोंड सोडल्यावर त्यानं पहिल्यांदा मालकिणीकडं पाहिलं, मग जीपमधून डोकावणाऱ्या रॉकीकडं, आणि गळ्यातल्या गळ्यात गुरगुरला.

‘‘आयला,’’ नाथाजीराव म्हणाले, ‘‘माज बघा.’’ नंतर लावलेल्या सलाईनची बाटली डोक्यावर धरून ते पाऊण तास उभे होते. त्यांच्या शुभ्र बाहीवरून भरताचा ओघळ गेला होता.

मी बायडाबाईला सांगितलं, की आजची रात्र याला दवाखान्यात ठेवावं लागेल. पोट पुन्हा फुगलं तर साताऱ्याला ऑपरेशन. तिनं मान हलवली आणि मग वाड्याच्या दिशेनं पाहिलं. गाभण्या मेंढ्या, आणि कुत्रा नाही.

‘‘माझी दोन माणसं पाठवतो राखणीला,’’ नाथाजीराव घसा खाकरून म्हणाले. ‘‘हा परत येईपर्यंत. काय बघताय, डॉक्टरीणबाई? लांडगा काय धनगराचं आणि पाटलाचं विचारून खातो का?’’

मग हिंदुरावांकडं वळून त्यांनी विचारलं, ‘‘पण खरं सांगा, हे नुसत्या फोनवर ओळखलं कसं?’’

मी तोंड उघडलं. सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते.

‘‘मॅडमनी ओळखलं,’’ हिंदुराव नळी धुता धुता म्हणाले. ‘‘मला म्हणाल्या, कारवानी हाय का इचारा. तिथंच कळलं मला. शिकलेल्या माणसाचं तसंच असतं.’’

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मिठाच्या पाण्याचा उल्लेख त्यांनी त्या दिवशी केला नाही. पुढं निवृत्त होईपर्यंत केला नाही. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मीच सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, ‘‘मला न्हाय बा आठवत.’’

परतताना हिंदुराव म्हणाले, ‘‘सायेब, जरा सावकाश. खड्डे लई हायत.’’ मला वाटलं, हरण्यासाठी.

दवाखान्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. हरण्याला आतल्या खोलीत पोत्यावर ठेवलं. त्याचं पोट वाटीसारखं आत गेलेलं, डोळे मिटलेले. रॉकी घरी गेला, उडी मारून जीपमध्ये चढून. रोजच्याप्रमाणे दिवसाच्या केसेस पाटीवरून रजिस्टरात उतरवायच्या होत्या. ते काम माझं, कारण माझं अक्षर बरं होतं. आणि मी नेहमी शेवटून सुरुवात करायचे. त्या दिवशी प्रथमच पाटी खाली काढून मांडीवर घेतली.

‘आत्ता’ला हरण्याचं नाव-गाव जोडलं. मग आठवा, सातवा, सावंतांचा सहावा. पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा. सगळ्यांपुढं ‘उद्या’, एकापुढं ‘संध्याकाळी’.

पहिल्या ओळीत नाव नव्हतं. मालक नव्हता, गाव नव्हतं, जनावर कोणतं तेही नव्हतं. खडू सकाळचाच, पण हलक्या हातानं लिहिलेला, पुसट. लिहिलं होतं :

‘१. — रोज सकाळी. पाणी टिकतं. फुटाणे चालतात. मोटरसायकल बंद. श्रावणात.’

मी ती ओळ दोनदा वाचली. आतल्या खोलीत हरण्यानं झोपेत सुस्कारा सोडला.

‘‘हिंदुराव.’’

‘‘जी.’’

‘‘ही पहिली ओळ...’’

ते दारात उभे होते, हातात ओलं फडकं. प्रथमच मी त्यांना गडबडलेलं पाहिलं. कानातला बोळा काढला, परत घातला. ‘‘चुकलं का, मॅडम?’’

मी बोटांवर महिने मोजले. ‘‘नाही. श्रावणातच.’’

‘‘मग ऱ्हाऊ द्या. रजिस्टरात तेवढी लिहू नका.’’

पाटी माझ्या हातातून घेऊन त्यांनी पुसली. आठ, सात, सहा, खालून वर. पहिल्या ओळीपाशी आले आणि फडकं खांद्यावर टाकून पाटी खिळ्याला अडकवली.

हरण्या तिसऱ्या दिवशी धुळदऱ्याला परत गेला. बायडाबाईनं माझ्यासाठी एक लहानसं घोंगडं आणलं होतं. एवढं लहान कशासाठी, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, ‘‘दादानं सांगितलं, लहानच आना.’’ आज दुपारी माझी लेक त्याच घोंगड्यावर झोपलीय. सकाळी ती दोनदा ओकली. घरातले सगळे घाबरले, मी गुडघ्यांवर बसून तिला विचारलं, ‘‘काय पडलं गं?’’

पाटीवरची ती ओळ पौष, माघ, फाल्गुन, चैत्र, सगळा उन्हाळा तशीच राहिली. खडू पुसट झाला की हिंदुराव तिच्यावरून पुन्हा गिरवायचे. दवाखान्यात आलेली माणसं बाकावर बसून ती वाचायची आणि डोकं खाजवायची.

‘‘काय वं हिंदुराव, श्रावणात व्यायची म्हणताय, ही म्हैस कुणाची? आणि म्हशीला मोटारसायकल कशाला बंद?’’

‘‘आपलीच हाय,’’ हिंदुराव म्हणायचे, आणि फोन उचलायचे. ‘‘हं, बोला. काय पडलं?’’